चायलाय, मायलन, लायमा

अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी बायकोला फोन करून सांगितलं की चायलायला एक बरं अपार्टमेंट मिळतंय, घेऊन टाकू का. पलीकडं दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, "शिव्या कशाला देतोयस, नीट सांग ना कुठं मिळतंय." आता मी नीटच सांगत होतो. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला रॉचेस्टर म्हणून शहर आहे, कोडॅकवालं, आणि त्याला चिकटून हे गाव, स्पेलिंग अगदी आपल्या चिली सॉसमधल्या चिलीचं. मीही पहिल्या दिवशी ऑफिसात चिलीच म्हणालो होतो, तर समोरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत मला शाळेतल्या बाईंसारखं सुधारलं, चाय-लाय. दोन्हीकडं लांब 'आय'. परत म्हण. म्हटलं.

पुढची दोन वर्षं आम्ही तिथंच काढली आणि गावाकडच्या एकाही माणसाला पत्ता सांगताना मला सरळ तोंड ठेवता आलं नाही. मित्र मुद्दाम विचारायचे, सध्या कुठं असतोस रे? च्यायलाय!

गाव वेगळं झालं १८२२ मध्ये. तेव्हा दक्षिण अमेरिकेतले देश एकामागून एक स्पेनच्या तावडीतून सुटत होते आणि इकडच्या लोकांना, जे स्वतः इंग्रजांच्या तावडीतून सुटून पन्नास वर्षंही झाली नव्हती, त्याचं भारी कौतुक. त्या भरात गावांना चिली, पेरू, बोलिव्हर अशी नावं ठेवायची लाटच आली. नाव वर्तमानपत्रातून आलं, कागदावरून. बोलणारा चिलीवाला माणूस काही सोबत आला नाही. मग कागदावर जे दिसलं ते त्यांनी आपल्या इंग्रजी जिभेनं वाचलं, आणि वाचलं ते वाचलं. आसपास बघितलं तर सगळीकडं हाच कारभार. ॲव्हॉन लिहायचं आणि ॲव्हन म्हणायचं, शार्लट लिहायचं आणि शर-लॉट म्हणताना सगळा जोर शेवटी टाकायचा, कॅस्टील नावाच्या गावाला कॅस-टाइल म्हणायचं, बाथरूमला बसवल्यासारखं. ऑफिसातले म्हणायचे की टीव्हीवरचा बातमीवाला नवा आलाय की इथलाच आहे ते ओळखायला फार काही लागत नाही, त्याच्या तोंडून फक्त चाय-लाय ऐकायचं.

मग २०११ मध्ये प्रोजेक्ट बदलला आणि आम्ही ओहायोत कोलंबसला आलो. तेव्हा कळलं की रॉचेस्टर म्हणजे नुसती बालवाडी होती. या प्रकाराची खरी राजधानी ओहायो.

पहिला दणका बसला तो व्हर्सेल्सला. एका कारखान्यात आमची सिस्टीम बसवायची होती, पश्चिम ओहायोत, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून सरळ पट्टीनं आखल्यासारखे रस्ते जातात तिकडं. फोनला रेंज नाही, वाटेत गॅस स्टेशनवर थांबून काउंटरवरच्या म्हाताऱ्याला मी विचारलं, वर्साय किती लांब? मी पुण्यात कॉलेजला असताना फ्रेंचच्या दोन लेव्हल केलेल्या, त्यामुळं तो 'र' जरा घशातूनच काढला, उगाच. म्हातारा म्हणाला असं गाव नाही इकडं. मी कागद दाखवला. त्यानं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ओह, व्हर-सेल्स!" चार मैलांवर होतं. 'सेल्स' म्हणजे अक्षरशः सेल्स डिपार्टमेंटमधलं सेल्स.

खरी गंमत पुढंच आहे. व्हर्सेल्सच्या शेजारी काही मैलांवर एक छोटं गाव आहे, स्पेलिंग रशिया देशाचं, आणि त्याला तिथले लोक म्हणतात रूशी. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसलो, म्हटलं यांनी रशियाचा पण रुसवा केला. नंतर कळलं की तो सगळा पट्टा फ्रेंच शेतकऱ्यांनी वसवलेला. सांगतात असं की त्यांच्यातले काही म्हातारे नेपोलियनबरोबर रशियाच्या मोहिमेवर जाऊन आलेले, आणि इथलं ते सपाट माळरान बघून त्यांना तेच आठवलं. फ्रेंचमध्ये रशियाला म्हणतात रूसी. म्हणजे मी ज्याला अडाणी उच्चार म्हणून हसलो त्यात फ्रेंच आवाज जसाच्या तसा, थोडा घासून, दोनशे वर्षं जवळपास टिकून राहिलेला, आणि शेजारच्या व्हर्सेल्समध्ये तेच फ्रेंच पार धुऊन निघालेलं. एकाच पट्ट्यात, एकाच मक्याच्या शेताच्या दोन टोकांना. याला नियम लावून दाखवा कोणीतरी.

आता बाकीचे. इटलीतल्या मिलानच्या नावाचं गाव आहे, ते मायलन. तिथं १८४७ मध्ये एडिसन जन्मला. मला हे फार आवडतं, कारण ज्या माणसानं १८७७ मध्ये फोनोग्राफ काढला, म्हणजे पहिल्यांदाच माणसाचा आवाज पकडून पुन्हा वाजवून दाखवला, त्याचं स्वतःचं गाव आवाज पकडता येत नव्हता म्हणूनच मायलन झालेलं. त्याच्या जन्माआधी तीस-चाळीस वर्षं जर कुणी ओहायोत इटालियन माणसाची तबकडी वाजवली असती तर वेगळं काही झालं असतं का? बहुतेक नसतंच झालं. पण निदान त्यांना माहीत तरी असतं आपण काय मोडतोय ते.

बेलफाँतेन, अर्थ सुंदर झरा, झालं बेल फाउंटन. अमेरिकेतला पहिला काँक्रीटचा रस्ता तिथलाच, १८९१ चा, अजून दाखवतात. मदिनाचं म-डाय-ना. टोलेडोचं ट-ली-डो. रिओ ग्रांदेचं रायो ग्रँड. आणि कोलंबसच्या पूर्वेला तासाभरावर नुअर्क, ज्याला तिथले जुने लोक इतकं घाईत म्हणतात की आपल्याला स्वच्छ 'नर्क' ऐकू येतं. माझा एक सहकारी रोज तिथून यायचा. "व्हेअर डू यू लिव्ह?" "नर्क." मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली अरे पण तोंडावर असं काय बोलतो बिचारा. तिथं एका टोपल्या विकणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या हेडऑफिसची सात मजली इमारत हुबेहूब टोपलीच्या आकारात बांधलेली आहे, वर कड्यांसकट, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे मातीचे प्रचंड गोल आणि अष्टकोन आहेत जे २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. म्हणजे नर्क बघण्यासारखा आहे. (न्यूजर्सीतलं विमानतळवालं नुअर्क वेगळं, आणि डेलावेअरमधलं तर स्पष्ट दोन शब्द तोडून न्यू-आर्क. स्पेलिंग तिन्हींचं एकच.)

लायमाबद्दल मात्र जरा थांबून सांगायला पाहिजे, कारण माझं मत बदललं ते लायमामुळं. पेरूच्या राजधानीचं नाव, लिमा, आणि ओहायोतलं शहर लायमा. मी कुठल्याही पार्टीत हा किस्सा काढायचो, हे लोक बघा, लिमाला लायमा म्हणतात, आणि आपली मंडळी खो खो हसायची, कारण आपल्याला अमेरिकन माणूस कुठंतरी अडाणी सापडला की फार बरं वाटतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी हेच बोललो आणि टेबलावर लायमाच्याच एक बाई बसलेल्या, रिटायरमेंटला आलेल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नाव का पडलं माहितीय का? त्या भागात पूर्वी ब्लॅक स्वॉम्प नावाची भयंकर दलदल होती, मलेरियानं माणसं पटापट जायची, आणि क्विनीन ज्या झाडाच्या सालीपासून बनतं ती साल यायची पेरूहून. म्हणून १८३१ मध्ये गाव वसवताना लिमाचं नाव दिलं असं सांगतात. "औषधाच्या खोक्यावरचं नाव होतं ते," बाई म्हणाल्या, "ते कसं म्हणायचं हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं."

मी घरी येऊन ते बायकोला सांगितलं. ती पावभाजी करत होती. म्हणाली, "मग आपण तरी पावाला काय म्हणतो? तो पोर्तुगीज शब्दच आहे ना?"

आहेच. पोर्तुगीजमध्ये तो नाकातून काढतात, पांव आणि पाऊंच्या मधलं काहीतरी. बटाटा त्यांचा. पगार त्यांचा. इस्पितळ त्यांचं. आपण घेतले, आपल्या जिभेवर बसवले, आणि आज पुण्यात कुणी घशाला ताण देऊन पावभाजीतला पाव लिस्बनसारखा म्हणून दाखवला तर आपण त्याला शहाणा म्हणणार नाही, दीडशहाणा म्हणू. मी गॅस स्टेशनवर वर्सायचा 'र' घशातून काढला तेव्हा तो म्हातारा मला काय म्हणाला असेल मनात ते माझ्या आत्ता लक्षात आलं, दहा वर्षांनी.

त्यातून पुढं वाचत गेलो तेव्हा असंही लक्षात आलं की यातले बरेचसे उच्चार चुकलेले नाहीतच, ते जुने आहेत. इंग्रजीत एके काळी 'आय' मोठा करून वाचायची पद्धतच होती, लॅटिनसुद्धा शाळेत तसंच वाचायचे. मारिया नावाचा जुना इंग्रजी उच्चार म-राय-आ, लायमा बीन्स नावाच्या शेंगा तर सगळ्या अमेरिकेत लायमा बीन्सच, त्याही त्याच पेरूच्या लिमावरून. फ्रान्समधलं काले बंदर घ्या, इंग्लिश खाडीच्या पलीकडचं. इंग्लंडमधले लोक शेक्सपिअरच्या काळी त्याला कॅलिस म्हणायचे आणि तसं लिहायचेही. पुढं लंडनवाले सुधारले, फ्रेंच शिकले, काले म्हणायला लागले. पण अमेरिकेत मेन राज्यात कॅनडाच्या हद्दीवर त्याच नावाचं एक गाव आहे आणि तिथले लोक आजही त्याला कॅलस म्हणतात. म्हणजे सुधारले ते बदलले आणि 'चुकीचं' बोलणारे मूळ धरून बसले. आपल्याकडं नाही का, आजीचा शब्द गावंढळ म्हणून आपण सोडतो आणि वीस वर्षांनी कुणीतरी पुस्तकात दाखवतो की ज्ञानेश्वरीत तोच आहे.

बर्लिनचं अजून वेगळं. ओहायोत आमिश लोकांच्या, म्हणजे जुन्या वळणानं राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या भागात बर्लिन आहे, घोडागाड्या, चीज, रजया आणि शनिवारी टुरिस्टांची तोबा गर्दी. तिथं जोर पहिल्या अक्षरावर, बऽर्लिन. आपल्या मराठी कानाला हा फरक पटकन कळत नाही कारण आपण कुठल्याच अक्षरावर असा दणका देत नाही, पण त्यांना तो लगेच कळतो. लोक म्हणतात पहिल्या महायुद्धात जर्मनांशी नातं नको म्हणून उच्चार फिरवला. असेल. १९१८ मध्ये ओहायोतल्याच न्यू बर्लिननं नावच टाकून नॉर्थ कँटन करून घेतलं हे तर खरंच आहे. पण मला ती गोष्ट पूर्ण पटत नाही, कारण इंग्रजी बोलणारा माणूस परक्या नावाचा जोर पुढं ओढतोच, युद्ध असो नसो. आणि मजा म्हणजे त्या भागातले आमिश घरी जर्मनचीच एक बोली बोलतात.

सरकारनं यात पडायचं की नाही? शक्यतो पडत नाही. नकाशावरची नावं ठरवायला १८९० पासून त्यांचं एक मोठं केंद्रीय मंडळ आहे, ते स्पेलिंग ठरवतं, उच्चाराला हात लावत नाही. त्यांनी १८९१ मध्ये पिट्सबर्गच्या शेवटचा 'एच' काढून टाकला होता, तर त्या शहरानं वीस वर्षं भांडून १९११ मध्ये तो परत घेतला, ज्या अक्षराचा उच्चारच होत नाही ते अक्षर. उच्चारावर बसून ठराव केला तो आर्कन्सॉनं. १८८१ मध्ये. सांगतात की त्यांचे दोन सिनेटर होते, एक स्वतःला आर-कॅन्झसचा म्हणवायचा आणि दुसरा आर्कन्सॉचा, आणि सभागृहात हाक मारताना दोघांना दोन वेगळ्या राज्यांची हाक मारायला लागायची. शेवटी विधिमंडळानं ठराव करून टाकला की शेवटचा 'एस' मुका. झालं, मिटलं. पण तीच आर्कन्सॉ नदी वर कॅन्झस राज्यातून वाहते, आणि कॅन्झसवाले म्हणतात आमच्या हद्दीत ती आर-कॅन्झस नदी, तुमचा ठराव तुमच्याकडं. पाणी तेच. आपल्याकडं नदीवरून राज्यं पाण्यासाठी भांडतात, नावाचा जोर कुठं द्यायचा यावर अजून तरी नाही.

आणि नेव्हॅडा. तिथले लोक 'व्हॅ' असा चपटा म्हणतात आणि बाहेरून आलेला पुढारी 'नेव्हाडा' म्हणाला की सभेतच ओरडतात. ट्रम्प २०१६ च्या प्रचारात रीनोला जाऊन उलट त्यांनाच शिकवून आले की नेव्हाडाच बरोबर. स्पॅनिशच्या हिशोबानं ते जास्त जवळ होते हे मान्य करायला लागतं, पण मतं मागायला गेलेल्या माणसानं स्पॅनिश व्याकरणाचा हट्ट धरावा का? हिलरींनी ते राज्य जिंकलं. उच्चारामुळं नाही, पण मला तसं म्हणायला आवडतं.

शिकागोची डेव्हन ॲव्हेन्यू माहिती असेल बऱ्याच जणांना, कडीपत्ता आणि कोकम आणि गणपतीत लागणारं सगळं मिळतं तिथं, एका तुकड्याला गांधी मार्ग असं मानाचं नावही आहे. इंग्लंडमधल्या डेव्हनचा उच्चार डेव्हन. शिकागोचा माणूस मात्र म्हणतो डि-व्हॉन. आणि आपली मंडळी कुठलाही विचार न करता मराठीत लिहिल्यासारखं वाचून देव्हॉन म्हणतात, जे पठ्ठ्यांचं बरोब्बर तिथल्या उच्चाराच्या शेजारी जाऊन पडतं! आयुष्यात एकदाच. त्याच शहरात गटेच्या नावाचा रस्ता आहे, जर्मन महाकवी, त्याला गो-थी म्हणतात. मी जर्मन शिकलेल्या माझ्या मेव्हण्याला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं काही बोललाच नाही.

तर मी असा हळूहळू लायमावाल्यांच्या पक्षात गेलो. ज्याचं गाव त्याचा उच्चार, जो तिथं राहतो, तिथं टॅक्स भरतो, तिथल्या शाळेच्या मॅचला थंडीत कुडकुडत बसतो तो म्हणेल ते बरोबर, असं मी ठणकावून सांगायला लागलो. बायको म्हणायची तू टोकाचाच आहेस, आधी हसत होतास आता वकिली करतोयस.

मग एकदा सिनसिनाटीला एका मित्राकडं गेलो होतो, आणि नदीकाठच्या रस्त्यानं जाताना पाटी दिसली. दिल्ली. स्पेलिंग तेच, राजधानीचं. मित्र म्हणाला, "डेल-हाय."

"काय?"

"डेल-हाय. टाउनशिप आहे. इथं असंच म्हणतात."

आणि मला राग आला. म्हणजे खरोखर, पोटातून. लिमाचं लायमा झालं तेव्हा मी हसलो, वर्सायचं व्हर्सेल्स झालं तेव्हा हसलो, नंतर त्यांची बाजू घेतली, आणि दिल्लीचं डेल-हाय झाल्यावर मात्र मला वाटलं की हे काय चाललंय, अक्कल आहे की नाही. मी दिल्लीचा नाही. दिल्लीबद्दल मराठी माणसाला प्रेम असायचं काही खास कारणही नाही, सतराशे एकसष्टपासून. तरीपण.

न्यूयॉर्क राज्यातही एक डेल-हाय आहे, त्याची गोष्ट फार भारी आहे. तिथला एबेनेझर फूट म्हणून एक बडा राजकारणी, त्याचा रुबाब बघून लोक त्याला 'द ग्रेट मुघल' म्हणायचे, आणि म्हणून १७९८ मध्ये गावाला मुघलांच्या राजधानीचं नाव दिलं. ज्यांना ते पटलं नाही ते म्हणाले म्हणे की मग सरळ फूट-हायच नाव द्या की. यमक जुळायला डेल-हायच लागतं, म्हणजे उच्चारही सुरुवातीपासूनच तो. त्यांनी आपल्याला काही विचारलं नव्हतं. ऑरेगॉनमध्ये मद्रास आहे, मॅड्रस म्हणतात, ते नाव कापडाच्या तागावरून घेतलं असं सांगतात. ओहायोत कलकत्ता आहे. न्यूयॉर्कच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीजवळ बॉम्बे आहे, आणि तिथल्या लोकांना मुंबई झाल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही.

राग का आला यावर मी बराच विचार केला, ड्राइव्ह करताना दुसरं काय करणार. एक तर लिमाच्या लोकांना लायमाचा काही त्रास नाही, पेरूत कुणाला पत्ताही नसेल. पण आपली नावं दुसऱ्यानं मोडली की ती तशीच आपल्या गळ्यात येऊन पडतात याची आपल्याला सवय आहे. खडकीचं इंग्रजांनी किर्की केलं आणि दीडशे वर्षं ते सरकारी कागदावर राहिलं. वानवडीचं इंग्रजी स्पेलिंग असं काही करून ठेवलं की आता तिथल्याच सोसायटीत राहणारी पोरं तिला वानौरी म्हणतात. पिंपळे सौदागरचं तर काही बोलायलाच नको, आयटीवाल्यांनी त्याला तोंडावरची पुटकुळी करून टाकलीय. म्हणजे बाहेरच्यानं केलेली चूक, आणि ती नंतर घरच्यांच्याच तोंडात. हे लायमापेक्षा वेगळं आहे असं मला वाटतं. पण मग ओहायो हे नाव तरी कुणाचं? सेनेका लोकांच्या भाषेतलं, चांगली नदी अशा अर्थाचं, त्यांच्या तोंडी ते ओ-ही-यो असं काहीतरी होतं. मूळ उच्चाराचा हट्टच धरायचा तर पहिल्यांदा हा धरायला पाहिजे. आणि तो ऐकून घ्यायला जायचं कुणाकडं? ओहायोतली शेवटची मूळ जमात, वायन्डॉट, तिला १८४३ मध्ये इथून पश्चिमेला पाठवून दिलं. नद्यांची आणि काउंट्यांची नावं तेवढी मागं राहिली, आणि आता त्यांचा 'खरा स्थानिक उच्चार' कोणता हे ठरवतात त्यांची जमीन घेतलेल्यांचे पणतू, आणि त्यांच्याकडून तो शिकून घेऊन पार्टीत सांगतो मी, एचवनबीवर आलेला.

माझं स्वतःचं नाव धनंजय. ऑफिसात पहिले सहा महिने मी प्रत्येकाला सुधारायचो, ध, ध, धोब्यातला ध. मग डॅनन्जे. मग डॅन. आता डीजे. कॉफीच्या दुकानात तर मी स्वतःहूनच डॅन सांगतो. तरी माझ्या मुलीला शाळेत कुणी केतकीऐवजी कटाकी म्हटलं की मी टीचरला ईमेल लिहितो, आणि केतकी म्हणते बाबा प्लीज, डोन्ट.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं केरोला गेलो. हे इलिनॉयच्या पार दक्षिण टोकाला आहे, स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचं. त्या सगळ्या भागालाच लिटल ईजिप्त म्हणतात, जवळपास थीब्ज आणि कार्नाक पण आहेत. मला तिथं जायचं होतं कारण ओहायो नदी तिथं मिसिसिपीला मिळते. मी कराडचा. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भिडतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात, तो प्रीतिसंगम बघत लहानाचा मोठा झालो, त्यामुळं दोन नद्या कुठं मिळतायत असं कळलं की मला जावंसं वाटतं. आठ तासांची ड्राइव्ह. वाटेत लुव्हल लागलं, स्पेलिंगनं वाचलं तर लुईव्हिल, जे १७८० मध्ये सोळाव्या लुईच्या नावानं ठेवलं आणि जे म्हणताना तिथले लोक तोंडात लाडू असल्यासारखं म्हणतात, अर्धा लुई गिळून.

केरो बघून मात्र गप्प झालो. १९२० च्या सुमाराला तिथं १५ हजारांवर वस्ती होती, आता दोन हजारसुद्धा नाही. मोठमोठ्या विटांच्या इमारती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मुख्य रस्त्यावर एक माणूस नाही. रेल्वे आणि पूल झाले तशी बोटींची वाहतूक गेली, आणि मग साठच्या दशकात तिथं काळ्या-गोऱ्यांचे जे दंगे झाले, काळ्या लोकांना नोकऱ्या देत नाहीत म्हणून गोऱ्यांच्या दुकानांवर वर्षानुवर्षं जो बहिष्कार पडला, त्यातून ते गाव उठलंच नाही. काही दुकानदारांनी दुकानं बंद केली पण नोकरी दिली नाही. गावाबाहेर एकुलत्या गॅस स्टेशनवर मी पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि या वेळी आधी तयारी करून नीट म्हणालो, केरो छान आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "केअरो," मधे किंचित ओढून. म्हणजे तेही माझं चुकलंच.

संगमावर एक छोटं पार्क आहे, गाळ आणि वाहून आलेले ओंडके सगळीकडं. दोन्ही पाणी वेगवेगळ्या रंगाचं, मिसिसिपी गढूळ, ओहायो जरा हिरवट, आणि बराच वेळ ती शेजारी शेजारी न मिसळता जातात. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिला पाणी दाखवलं. म्हणाली, केवढी रे मोठी, आपल्या कृष्णेपेक्षा मोठी आहे. मग म्हणाली कुठं आहे हे? म्हटलं केअरो. ती म्हणाली कैरो? मग पिरॅमिड दाखव की.

केतकी पाण्यात खडे टाकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "इज इट लाइक करॅड?"

"करॅड नाही. कराड."

"पण आजोबांच्या पेपरमध्ये कऱ्हाड असतं. आय रेड इट. तो र विअर्ड आहे, मी आजींना विचारलं होतं." रविवारच्या मराठी शाळेचा परिणाम.

"हो, लिहिताना लिहितात तसं."

"मग कराड रॉंग आहे?"

"राँग कसं असेल? आम्ही सगळे कराडच म्हणतो."

"पण लिहिलंय कऱ्हाड."

"अगं, लिहिणाऱ्यांना कोण विचारतंय? मी तिथं जन्मलोय."

बायको ओंडक्यावर बसून चिवडा खात होती. म्हणाली, "झालं. आला लायमावाला."